चारीच्या पलीकडची बैठक

माझे वडील दारू पीत नव्हते. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आमची हकिकत सांगायला बसले की लोक मला इथंच अडवतात. "प्यायचे का?" "नाही." "पत्ते, मटका?" "नाही." "मग बाहेर कुठं?" "नाही हो." "मग?" आईलाही लोक हेच विचारायचे, आणि या 'मग'पुढं तिला कधी बोलता आलं नाही. आमच्या गावात, निरवांगीत, आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लोक देवमाणूस म्हणत. कुणाच्या घरी लग्न निघालं की मांडवाच्या दोऱ्या बांधायला ते पहिले हजर. कुणाची बाई अडली की वेळ-अवेळ न बघता त्यांचीच जीप इंदापूरच्या दवाखान्याकडं निघायची. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागायचं. घरातही ते कधी ओरडले नाहीत. घरात ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

संध्याकाळी जीप ओढ्याच्या चढाला लागली की तिचा आवाज बदलायचा, आणि त्या आवाजावर आई तवा ठेवायची. ताटात पडताना भाकरी फुगलेली पाहिजे, तिच्यातून वाफ निघाली पाहिजे. आधी भाजून ठेवलेली चालायची नाही, आणि पाटावर बसल्यावर वाट बघायला लावणारीही चालायची नाही. भाकरी चिरली, आमटीत मीठ कमी पडलं, किंवा यातलं काहीच झालं नाही, तरी कधी कधी ते ताट हळूच पुढं सरकवायचे, चूळ भरायचे, टॉवेलला हात पुसायचे आणि टीव्हीजवळ जायचे. बातम्या मोठ्यानं लागायच्या. गल्लीत लोक म्हणायचे, "आण्णाला बातम्यांचा लई नाद." मी मागच्या खोलीत पुस्तक उघडं धरून बसायची आणि बातम्या देणारी बाई कुठल्यातरी लांबच्या गावातल्या पुराबद्दल बोलत राहायची. आज माझ्या घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवला की मी उठून बाहेर जाते. माझी मुलं हसतात. हसू देत. त्यांना त्यात हसण्यासारखं वाटतं, हीच माझी कमाई.

एका उन्हाळ्यात आईचं डावं मनगट मोडलं. आण्णांनीच तिला जीपमधून दवाखान्यात नेलं, वाटेत थांबून उसाचा रस पाजला, आणि "विहिरीवर पाय घसरला" हेही त्यांनीच सांगितलं. पण प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना औषधं आणायला पाठवलं, दार लोटलं आणि आईला विचारलं, "पाय घसरला तर मनगट असं पिळून मोडतं का?" आईनं नाही म्हणून मान हलवली. कुणापुढं पहिल्यांदाच. पुढचं सगळं त्या मान हलवण्यातून निघालं. आम्ही दोघी मामाच्या घरी, कोऱ्हाळे बुद्रुकला आलो. तालुक्याच्या संरक्षण अधिकारी बाईंनी अर्ज लिहून घेतला, बारामतीत एक वकीलबाई मिळाल्या, आणि कोर्टानं आदेश दिला. आण्णांनी मामाच्या घराकडं फिरकायचं नाही, माझ्या कॉलेजच्या वाटेवर उभं राहायचं नाही, फोन करायचा नाही, कुणाकरवी निरोप धाडायचा नाही. आमच्या घरात या आदेशाला सगळे 'आर्डर' म्हणत. मीही तेच म्हणणार आहे.

मामाचं घर चारीच्या कडेला होतं. चारी म्हणजे कालव्याचा फाटा. पाणी सुटलं की अंथरुणात पडल्या पडल्या त्याचा खळखळाट ऐकू यायचा. पुढं ऊस, मागं भेंडी. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते, आणि तिची लव हाताला डसते. म्हणून मामी आम्हां दोघींना जुन्या सॉक्सचे हातमोजे करून द्यायची. मामीची जीभ भेंडीपेक्षा जास्त डसायची. "तुझ्या आयनं आर्डर आणलीया. आता माझ्या अंगणात कोण यावं हे मला कोर्टाला इचारावं लागतंय," असं म्हणता म्हणताच ती माझ्या डब्यात शेंगदाण्याच्या चटणीचा आणखी एक गोळा दाबून भरायची. मी अकरावीला होते, एसटीनं बारामतीला जायची. आर्डर येण्याआधी आण्णा स्टँडसमोरच्या रसवंतीपाशी उभे राहायचे. बोलायचे नाहीत, नुसते उभे. मी एसटीत चढेपर्यंत आणि उतरल्यावर वळेपर्यंत. आर्डर आल्यावर ते दिसायचे थांबले. मान न वळवता सरळ चालत वर्गात जाणं म्हणजे काय, हे ज्याला रोज मिळतं त्याला सांगून कळायचं नाही.

मामाला मात्र या सगळ्याची लाज वाटायची. वाईट माणूस नव्हता तो. बहिणीला घरात घेताना त्यानं एकदाही विचार केला नाही. पण घेतल्यावर लोक विचारायला लागले, आणि ते त्याला झेपेना.

"इंदे, असं किती दिस?" तो जेवताना म्हणाला. "ना नांदतीस, ना मोकळी. लोक इचारत्यात, बहीण माहेरपणाला आलीया का कायमची."

"मग काय सांगतूस?" आईनं विचारलं.

"सांगतो, भाची शिकायला आलीया. तिच्यासंगं आलीया."

"भाची काय पाळण्यातली हाय व्हय?" मामी चुलीपुढून म्हणाली.

त्यातून मामानं काडीमोड काढली. आमच्याकडं जुन्या लोकांत ही रीत होती. चार जाणती माणसं बसवायची, नवराबायकोनं कडब्याची एक काडी दोन टोकांनी धरून मोडायची, मग दोन्हीकडच्यांनी एकाच तांब्यातलं पाणी प्यायचं आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचा. गूळपाणी झालं की जुनं भांडण कुणी उकरायचं नाही. जो उकरेल तो खोटा. कोर्टाचा घटस्फोट आण्णांच्या संमतीशिवाय लवकर व्हायचा नाही, आणि संमती ते देत नव्हते. मामाला वाटलं, भावकीच्या मांडवाखाली तरी देतील. त्यानं आण्णांच्या चुलत्यांना, आबांना, फोन केला आणि रविवारी आण्णांना घेऊन घरी या म्हणून सांगून टाकलं.

"मामा, आण्णांना इथं यायला बंदी आहे," मी म्हणाले.

"बंदी कुणाच्या दारात? माझ्याच न्हवं? बांधावर बंदी घातली तरी मालकानं हाक मारल्यावर माणूस येतोच की. मीच बोलावतोय म्हटल्यावर कशाची बंदी?"

आमच्याकडच्या कुणालाही हे पटलं असतं. शेतात असंच चालतं. पाण्याची पाळी असो, बैलगाडीची वाट असो, मालकाच्या शब्दानं अडलेलं सुटतं. कोर्टाचा आदेशही तसाच असणार, असं मामानं धरलं. त्या रात्री आबांचा उलटा फोन आला. आण्णा काडी मोडायला तयार आहेत, पण आईनं आर्डर मागं घ्यायची. आणि मुलीसाठी त्यांनी भवानीनगरचं स्थळ बघितलंय, मुलगा कारखान्यात परमनंट. मुलीला अठरावं सरलं की कन्यादान बापच करणार.

आई खाली बसून भेंडी निवडत होती. तिचा हात थांबला नाही. टोपलं संपेपर्यंत ती निवडत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "काडी मोडली की मी सुटते. आर्डर सोडली की तू सापडतेस. एवढंच हाय हे." दुसऱ्या दिवशी तिनं मला मामाच्या मोबाईलवरून वकीलबाईंना फोन लावायला सांगितला. बाई म्हणाल्या, "आदेश त्यांच्यावर आहे, तुमच्यावर नाही. तुम्ही आरती घेऊन बोलावलं तरी त्यांनी यायचं नाही. समझोता करू ना, पण वकिलांमार्फत, समोरासमोर नाही. आणि आदेश ही सौद्यात टाकायची वस्तू नाही. आले तर दाराच्या आत राहा आणि पोलिसांना फोन करा." मी हे जसंच्या तसं मामाला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर असंल. पण आता नगं कसं म्हणू? माझा शब्द गेलाय निरवांगीला."

रविवारी सकाळी मामीला वेगळाच घोर लागला. "लग्नाला बुंदी करत्यात, तेराव्याला लापशी. काडीमोडीला काय रांधत्यात?" तिनं शेजारच्या म्हातारीला विचारलं. म्हातारी म्हणाली, तिनं अशा दोन बघितल्या, पण दोन्हीत पुढारी उपाशी गेले. शेवटी शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीच्या भाकरी ठरल्या. न गोड, न सुतकी. गूळपाण्यासाठी मामीनं पितळी ताटलीत गुळाचा खडा ठेवला, त्यावर फडकं झाकलं, शेजारी घासलेला तांब्या. आई त्या ताटलीकडं येता-जाता बघत होती. मला वाटलं, तिला भूक लागलीय. नंतर कळलं, ती हिशेब करत होती. तो खडा आण्णांच्या तोंडात पडला की गावात तिच्या बाजूनं साक्ष द्यायला कुणी उरणार नव्हतं.

गळिताचे दिवस होते. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कारखान्याकडं चालले होते, प्रत्येकाच्या स्पीकरवरचं गाणं वेगळं आणि सगळ्यांची गाणी कर्णकर्कश. त्या गदारोळातूनही जीप आईनंच पहिल्यांदा ओळखली. चारीच्या चढाला तिचा आवाज बदलला आणि आईनं सवयीनं तवा चुलीवर ठेवला. मग स्वतःच्याच हाताकडं बघितलं, तवा उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

आण्णा उतरले. तोच पांढरा शर्ट. आबांना हात धरून उतरवलं, मामाला वाकून नमस्कार केला, अंगणातल्या बाजेवर टेकले. मला लांबून बघून हसले. मला ते हसू आवडायचं. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. मग हळू म्हणाले, "वैनी, पाणी देता का जरा?"

मामीनं तांब्या उचललाही. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "वैनी, तांब्या खाली ठेवा."

"अवो, पाणीच मागतोय माणूस," मामी पुटपुटली. "दारात आलेल्या कुत्र्याला बी कुणी न्हाय म्हणत न्हाय."

"कुत्र्याला कोर्टानं बंदी घातलेली नसती." आई आबांकडं वळली. "आबा, तुमी वडील हायसा. तुमाला पाणी देते, जेवायला वाढते. ह्या माणसानं आधी चारीच्या पलीकडं जायाचं. त्याच्याबिगर मी एक शब्द बोलणार न्हाय."

आबांचं तोंड उतरलं. सत्तरीचा माणूस, धोतर, इस्त्रीची टोपी, आणि आयुष्यात कधी त्यांच्या बैठकीतून कुणाला उठवलेलं नाही. "अगं, बोलावणं तुमच्यातनंच आलंय की, पोरी!"

"दादानं बोलावलं. आणि मी जरी बोलावलं असतं, तरी यायचं त्यानं न्हवतं. बंदी त्याला हाय, मला न्हाय."

मामा जमिनीकडं बघत होता. सगळं अंगण आण्णांकडं बघायला लागलं. ते उठले, शर्टाची घडी नीट केली, म्हणाले, "बाईमाणसाचा हट्ट हाय, पुरवू," आणि चालत गेले. चारीवर एक अरुंद पूल होता. त्याच्या पलीकडच्या कठड्यावर त्यांनी रुमाल पसरला आणि बसले. घराच्या दारातून ते स्पष्ट दिसत होते. तेवढ्यानं माझी मान दुखायला लागली, कारण मी दुसरीकडं बघू शकत नव्हते.

मग ती बैठक सुरू झाली. अशी बैठक आमच्या पंचक्रोशीत आधी झाली नसेल, पुन्हाही होणार नाही. मामाची मोपेड, मागं आबा, एका हातानं टोपी धरलेली. अंगणातून पुलापर्यंत आणि पुलावरून अंगणात. आबा येऊन सांगायचे, "म्हणतोय, आर्डर आधी, काडी मागनं." आई म्हणायची, "काडी कोर्टात. आर्डर हाय तशी." मोपेड फुरफुरत जायची. परत यायची. "म्हणतोय, पोरीचा बाप मी हाय." "हाय की. म्हणूनच आर्डरीत तिचं नाव हाय."

"आबा," मामी मधेच म्हणाली, "ह्यापरीस निवडणूक बरी. तितं एका खेपंत निकाल लागतोय."

"तू गप, आमटी बघ," आबा म्हणाले, पण त्यांच्या मिशा हलल्या. मग ते पायरीवर टेकले आणि समजुतीचं बोलायला लागले. "इंदे, मी काय वाईट सांगंन व्हय? पोरगा निर्व्यसनी. गावात कुणाला वाकडं बोलला न्हाय. राग येतो कधी, पुरुषमाणूस हाय. त्याला इज्जत नगं का? कोर्टाची बंदी अंगावर घेऊन त्यानं चार माणसांत कसं हिंडायचं?"

आईनं पदर मागं घेतला आणि डावा हात पुढं केला. मनगट जुळलं होतं, पण सरळ जुळलं नव्हतं. "सुपारी बी न खाणाऱ्यानं हे केलंय, आबा."

"तू विहिरीवर घसरली व्हतीस न्हवं?"

आईनं हात तसाच पुढं धरला. आबा त्या मनगटाकडं जरा वेळ बघत बसले. मग उठले, मामाला म्हणाले, "चल, अजून एक खेप मारू. त्याला म्हणतो, काडी तरी मोड, बाकीचं वकील बघतील." त्यांना तेव्हा आईचं पटलं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना काम उरकायचं होतं. पण तेवढं तरी ते वाकले.

ती खेप आम्ही दारातून बघितली. उसाचा ट्रॅक्टर पुलावरून चालला होता, त्याचं गाणं सगळ्या शिवारात भरलेलं, त्यामुळं पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. आबा हात हलवत बोलत होते. आण्णा बसून ऐकत होते. मग त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठले. ती घडी बघून मला कळलं. आईला माझ्याआधी कळलं होतं. आबांनी त्यांच्या छातीला हात लावून अडवलं. तो हात झटकला गेला, आबा मागं गेले, टोपी रस्त्यावर पडली. मोपेड आडवी झाली. आणि आण्णा पूल ओलांडून घराकडं निघाले. पळत नाही. चालत.

आईनं मामीला दंडाला धरून आत ओढलं, मला ओढलं, दार लावलं आणि अडसर टाकला. "पोरी, फोन लाव." मोबाईल मामाच्या खिशात असता तर, हा विचार आजही मला भर दुपारी येतो. तो कोनाड्यात चार्जिंगला होता. मी शंभर नंबर लावला. पत्ता सांगताना गावाचं नाव आठवेना, मामीनं शेजारून ओरडून सांगितलं. तोवर दाराशी पावलं आली.

त्यांनी दार ठोठावलं नाही. फटीशी तोंड आणलं आणि घरात बोलायचे त्या आवाजात बोलले. निरवांगीत त्या आवाजावर टीव्हीचा आवाज असायचा. इथं नव्हता.

"इंदू. दार उघड. माणसांत माझी अब्रू घालवतीस? एक मनगट जुळलं म्हणून लई जोर आलाय. दुसरं शिल्लक हाय अजून. आणि पोरगीला किती दिस एसटीनं पाठवशील? एक दिस ती घरी यायची न्हाय, मग बस आर्डर उशाला घेऊन."

मामीचा हात तोंडावर गेला. आई दाराला पाठ लावून उभी होती, तिचे डोळे मिटलेले. ट्रॅक्टर लांब गेला होता. मग दुसरा आवाज आला, दमलेला, धापा टाकणारा.

"मी ऐकलं."

आबा होते. मोपेड पुलावरच टाकून ते आणि मामा पायी आले होते, आण्णांच्या पाठीमागं पाचसहा पावलांवर उभे होते. मी खिडकीच्या फटीतून बघितलं. आबांचं टक्कल उन्हात चमकत होतं, धोतराला चिखल. बोडक्या डोक्यानं त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते.

"आबा, तुमाला माहीत न्हाय ही बाई," आण्णा वळून म्हणाले, पुन्हा त्याच गोड आवाजात.

"बाईचं न्हाय, तुझं माहीत न्हवतं," आबा म्हणाले. "बाजूला हो दारातनं."

आण्णा बाजूला झाले नाहीत. मामा पुढं आला. बैठक भरवणारा, शब्द देणारा माझा मामा, अंगणातलं खुरपं हातात घेऊन दार आणि आण्णा यांच्यामधे येऊन उभा राहिला. मामीची आमटी चुलीवर करपल्याचा वास घरभर पसरला, तरी ती हलली नाही. पोलिसांची गाडी येईपर्यंत ते तिघं तसेच उभे होते. गाडी दिसल्यावर आण्णांनी शर्ट नीट केला, पुढं जाऊन हवालदाराला नमस्कार घातला, म्हणाले, "घरगुती गैरसमज हाय, साहेब. यांनीच बोलावलं होतं." हवालदार जरासा नरमल्यासारखा दिसला. तेव्हा आबा मधे पडले. "त्याच्या बोलण्यावर जाऊ नगा. मी बी लई वर्षं गेलो. माझा जबाब घ्या."

वकीलबाईंनी मामाला त्यांच्या ऑफिसात जे झापलं ते मी जन्मात विसरणार नाही. मामानं बांधाचा आणि मालकाचा दाखला दिला. बाईंनी चष्मा काढला. "बांध तुमचा, ऊस तुमचा. आदेश कोर्टाचा. तो तुमच्या हाकेनं उठत नाही." मग आईकडं वळल्या. "आणि तुम्ही. पुलापर्यंत बसू दिलंत, तेही चालत नाही. गाडी थांबली तेव्हाच फोन करायचा." आई म्हणाली, "व्हय, चुकलं. पण तितनं दिसलं सगळ्यांना." बाईंनी चष्मा परत लावला. आदेश मोडल्याची फिर्याद दाखल झाली. आबांनी जबाब फिरवला नाही. भावकीनं त्यांना लग्नात बोलावणं बंद केलं, दोन घरांनी तोंड फिरवलं. कुणी टोमणा मारला की ते म्हणायचे, "भावकी ऐकू, का माझे कान ऐकू?"

फिर्यादीनं आण्णांचा सूर बदलला. त्यांच्याच वकिलानं त्यांना सांगितलं असावं की आता संमती देण्यात शहाणपण आहे. मग खरी बोलणी झाली, बारामतीत, दोघांच्या वकिलांमार्फत. आम्हाला त्यांच्या आधी बोलावलं, वेगळ्या खोलीत बसवलं. मध्यस्थ एक पोक्त गृहस्थ होते, ते या खोलीतून त्या खोलीत जायचे, आणि जाताना प्रत्येक वेळी दार ओढून घ्यायचे. आईनं आण्णांकडून काय मागितलं, तर तिनं स्वतः शिवलेल्या वाकळा, तिच्या आईची पितळी घागर, आणि हे सगळं संरक्षण अधिकारी बाईंच्या समोर आणून द्यावं. मला आण्णांना भेटायचं का, ते मी ठरवायचं, दुसऱ्या कुणी नाही. शेवटी पलीकडच्या खोलीतून एक निरोप आला. सगळं मान्य आहे, फक्त घटस्फोट होणारच आहे तर माणुसकी म्हणून आदेश मागं घ्यावा.

मध्यस्थ म्हणाले, "ताई, निर्णय तुमचा. मी नुसतं विचारतोय."

आईनं आधी माझ्याकडं बघितलं. मी बारावीला होते, बॅगेत अर्थशास्त्राचं पुस्तक होतं, त्याच दुपारी माझा पेपर होता. "घटस्फोट झाला की तो माझा नवरा न्हाय राहणार," ती म्हणाली. "पण तो माणूस तर तोच राहणार न्हवं? मग आर्डर कशी सोडू?"

वकीलबाईंनी करारात स्वतंत्र ओळ घातली की या करारानं कोर्टाचा आदेश बदलत नाही. आईनं चौथीपर्यंत गिरवलेल्या अक्षरांत सही केली. जोडाक्षराशी थांबली, पूर्ण केली. पहिल्या सहीनंतर कायद्यानं काही महिने थांबावं लागतं. त्या महिन्यांत मामी रोज विचारायची, "तो फिरला तर?" आणि आई रोज म्हणायची, "फिरला तर फिरला. दार आपल्याला लावता येतंय." दुसऱ्या तारखेला आण्णा आले. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. कोर्टाच्या पॅसेजमधे आमच्या बाकापासून लांब, वकिलाच्या मागं उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर वळवली नाही, आणि हसलेही नाही. मग त्यांना आत बोलावलं, त्यांनी सही केली आणि ते मागच्या जिन्यानं निघून गेले. त्यानंतर मी त्यांना फार कमी वेळा बघितलं, आणि ते प्रत्येक वेळी मी ठरवलं तेव्हा.

दोघांच्या संमतीनं आईचा घटस्फोट झाला. आर्डर तिनं मागं घेतली नाही. भवानीनगरच्या स्थळाचं नाव परत कुणी काढलं नाही. मी बारामतीतूनच बी.ए. केलं, नंतर बी.एड., आणि आज शाळेत शिकवते. आईच्या आणि आण्णांच्या, दोन्ही घरांत पदवी घेतलेली मी पहिली.